औषध, भाकरी आणि सोबत

(जागतिक क्षयरोग दिनाच्या निमित्ताने आयोजित व्याख्यानमालेत एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आणि व्यवसायाने पत्रकार आहे. तेव्हा क्षयरोगासारख्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. अधिकार नाही, पण या विषयात माझ्याकडून एक चूक झालेली आहे. त्या चुकीने मला पुढे बरेच वाचायला आणि विचार करायला लावले. ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

१९९५च्या सुमाराची गोष्ट. मी एका दैनिकात नुकताच उपसंपादक म्हणून लागलो होतो. तेथील छापखान्यात कागदाची रिळे हलवण्याचे काम करणारे एक गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. मामांना क्षय झाला. औषधे सुरू झाली, दोन महिन्यांत खोकला थांबला, तोंडावर थोडी टवटवी आली, आणि मामांनी औषधे सोडली. वर्ष-दीड वर्षाने ते रक्त ओकू लागले आणि त्यातच गेले. पुढच्या क्षयरोग दिनाला मी एक लेख लिहिला. औषधे उपलब्ध असूनही रुग्ण ती अर्धवट सोडतात, याला त्यांचे अज्ञान आणि बेफिकिरीच कारणीभूत आहे, असे मी मोठ्या आवेशाने लिहिले. मामांचे नाव घातले नव्हते, पण उदाहरण त्यांचेच होते.

चार दिवसांनी मामी कार्यालयात आल्या. मुलाने त्यांना लेख वाचून दाखवला होता. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं बरोबरच असेल. पण ते औषध आणायला जायचे त्या दिवशी खाडा पडायचा. रोज सकाळी पोटात काही नसताना गोळ्या घेतल्या की मळमळायचं. खोकला थांबला, तेव्हा वाटलं बरं झालं, आता कामावर लक्ष द्यावं. तुम्ही इतकी माणसं रोज त्यांना बघत होता. गोळ्या चालू आहेत का, असं एकानं तरी विचारलंत का?"

मी निरुत्तर झालो. आज तीस वर्षांनीही त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. मात्र जगातील काही अत्यंत गरीब प्रदेशांत साध्यासुध्या माणसांनी त्या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिलेले आहे. त्यांची हकिकत मी सांगणार आहे.

पेशव्यांजवळ नव्हते ते

क्षयाची आपल्याला ओळख नवी नाही. आयुर्वेदाने त्याला राजयक्ष्मा म्हटले. दक्षाच्या शापाने चंद्राला क्षय जडला, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. आणि इतिहासातील एक जखम तर मराठी मनात अजून ओली आहे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. सत्ता, संपत्ती, नामवंत वैद्य, जिवाला जीव देणारी माणसे, सारे त्यांच्याजवळ होते. नव्हते ते फक्त या रोगावरचे औषध. ते त्या काळी जगात कोठेच नव्हते.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. म्हणूनच आपण हा दिवस पाळतो. पुढे १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड वापरात आले, साठच्या दशकात रिफॅम्पिसिन आले. आज साधा क्षय सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ या एका वर्षात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला आणि साडेबारा लाख लोक त्याने मरण पावले. या रुग्णांपैकी जवळजवळ २६ टक्के आपल्या देशातले होते.

माधवराव गेले, कारण औषध नव्हते. हे साडेबारा लाख गेले, तेव्हा औषध होते. हा फरक लक्षात घेतला की हा प्रश्न केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही, तो समाजाचा होतो.

औषध सोडावेसे का वाटते, तेही समजून घेतले पाहिजे. क्षयाच्या जंतूंपैकी बरेचसे झपाट्याने वाढणारे असतात. ते पहिल्या दोन महिन्यांत मरतात. खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते. परंतु काही जंतू जणू झोपलेले असतात. ते मारायला आणखी चार महिने लागतात. म्हणजे रोग्याला बरे वाटू लागते नेमके त्याच वेळी त्याने औषध घेत राहायचे असते. वर मळमळ असते, रिफॅम्पिसिनमुळे लघवी तांबूस होते आणि माणूस घाबरतो. मध्येच औषध सुटले, तर उरलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि अर्धवट, अनियमित उपचारांतून औषधांना दाद न देणारे जंतू माजण्याचा धोका असतो. सहा महिने निष्ठेने काही करत राहणे आपल्यासारख्या सुस्थितीतल्या माणसांनाही जमत नाही. मग हातावर पोट असलेल्या माणसाला ते एकट्याने कसे जमावे?

आरोग्यधामाकडून घराकडे

पूर्वी क्षयरोग्याची जागा आरोग्यधामात, म्हणजे सॅनेटोरियममध्ये, असे मानले जाई. मोकळी हवा, सकस आहार, संपूर्ण विश्रांती आणि कुटुंबापासून दूर. श्रीमंत देशांना हे परवडत होते. स्वतंत्र भारतात रुग्ण लाखांनी आणि खाटा मात्र काही हजार अशी स्थिती होती. सर्वांना खाट मिळायची तर पिढ्या गेल्या असत्या.

तेव्हा १९५६ मध्ये मद्रास शहरात एक संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांचा तो संयुक्त उपक्रम होता. वॉलेस फॉक्स हे त्यातील प्रमुख संशोधक. त्यांनी शहरातील गरीब वस्त्यांमधील रुग्णांचे सोडत पद्धतीने दोन गट केले. एक गट आरोग्यधामात ठेवला. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात राहिला. औषधे दोघांना तीच, वर्षभर. घरच्या रुग्णांकडे आरोग्यसेविका जात, गोळ्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की नाही हे पाहत.

१९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाला आश्चर्य वाटले. अपुरे अन्न, कोंदट खोल्या, विश्रांतीचा अभाव, असे सारे असूनही घरचे रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांच्या जवळपास बरोबरीने बरे झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, उपचार सुरू असलेला रुग्ण घरात राहिल्यामुळे घरातील माणसांना क्षय होण्याचे प्रमाण वाढले नाही. जो काही संसर्ग व्हायचा, तो बहुतांशी निदानापूर्वीच होऊन गेलेला असतो. पुढे जगभरातील आरोग्यधामे हळूहळू बंद पडली, त्यामागे जी कारणे आहेत त्यांत मद्रासच्या या प्रयोगाचा वाटा मोठा आहे. ते केंद्र आज चेन्नईत राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून काम करते.

आपल्या भूमीवर, आपल्या गरीब रुग्णांच्या सहकार्याने जगाला मिळालेला हा धडा आहे. दुर्दैवाने त्याचा अर्धाच भाग आपण उचलला. रुग्ण घरी पाठवता येतो, हे आपण शिकलो. पण त्या घरी नियमितपणे कोणीतरी जात होते, हे विसरलो.

मानिकगंजची सेविका

ते विसरले नाही बांगलादेशातील एका संस्थेने. १९७१च्या मुक्तियुद्धानंतर तो देश उद्ध्वस्त झालेला होता. फजले हसन आबेद यांनी १९७२ मध्ये ब्रॅक ही संस्था निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी सुरू केली. १९८४ मध्ये त्यांनी मानिकगंज जिल्ह्यातील एका उपजिल्ह्यात क्षयरोगाचा प्रयोग आरंभला.

त्यांची योजना अगदी साधी होती. गावातलीच एक स्त्री निवडायची. तिला ते लोक 'स्वास्थ्य सेविका' म्हणतात. बहुधा ती अल्पशिक्षित, संसारी, गावातल्या बचतगटासारख्या मंडळातली. तिला थोडे प्रशिक्षण द्यायचे. आपल्या वाट्याच्या घरांत फिरताना खोकणारी माणसे तिने हेरायची, त्यांना थुंकी तपासायला पाठवायचे, आणि निदान झाले की औषध तिच्याच हाती ठेवायचे. रोग्याने सकाळी तिच्या दारात यायचे आणि तिच्यासमोर गोळ्या घ्यायच्या. तो आला नाही तर तिने त्याच्या दारात जायचे. कामावर जाता जाता दोन मिनिटांचे काम! खाडा नाही, गाडीभाडे नाही, रांग नाही.

यात एक व्यवहारी शहाणपणही होते. उपचाराच्या आरंभी रोगी दोनशे टका ठेव ठेवत असे. उपचार पूर्ण झाले की त्यातला काही भाग त्याला परत मिळे आणि उरलेला सेविकेला तिच्या श्रमाचा मोबदला म्हणून दिला जाई. त्यामुळे रोगी बरा होण्यात दोघांचाही स्वार्थ गुंतलेला राही. आपल्याकडे सेवा आणि मोबदला हे शब्द शेजारी आले की आपण नाक मुरडतो. पण जिच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे, तिच्याकडून वर्षानुवर्षे फुकट सेवेची अपेक्षा करणे, हे सेवेचे उदात्तीकरण नसून तिचे शोषण आहे.

१९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचा अहवाल आला. उपचार घेतलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले होते. त्याआधीच, १९९४ मध्ये, बांगलादेश सरकारने ब्रॅकशी करार करून हे काम राष्ट्रीय कार्यक्रमात सामावून घेतले. औषधे आणि प्रयोगशाळा शासनाच्या, पाय गावातल्या बाईचे, अशी ही वाटणी आहे.

हैतीचा धडा

आता मी तुम्हाला फार दूर नेतो. कॅरिबियन समुद्रातील हैती हा पश्चिम गोलार्धातील सर्वांत गरीब देश. त्याच्या मध्य पठारावर कांज नावाचे खेडे आहे. १९५६ मध्ये खाली पेलिग्र येथे धरण झाले, सुपीक जमिनी पाण्याखाली गेल्या आणि शेतकरी वर नापीक डोंगरावर चढले. धरणाची वीज दूर गेली, पाणी दूर गेले आणि या लोकांकडे गरिबी तेवढी राहिली. महाराष्ट्रातल्या धरणग्रस्तांना ही कथा समजावून सांगायला नको.

येथे पॉल फार्मर नावाचा वैद्यकशास्त्राचा एक तरुण अमेरिकन विद्यार्थी आणि त्याचे हैतीयन सहकारी यांनी दवाखाना चालवला होता. औषध मोफत होते. तरीही १९८८च्या अखेरीस त्यांचे तीन क्षयरुग्ण एकापाठोपाठ दगावले. त्यांनी बैठक घेतली. कर्मचाऱ्यांत दोन मते पडली. काही म्हणाले, रोगी बरे वाटताच औषध सोडतात, शिवाय कोणी जादूटोणा करून हा रोग आपल्यावर पाठवला असे ते मानतात. त्यांना औषधाचे महत्त्व कळत नाही. गावातून आलेले आरोग्य कार्यकर्ते मात्र म्हणाले, सर्वांत गरीब आहेत तेच मरतात.

माझ्या लेखातले मत आणि मामींचे मत, हेच दोन पक्ष समोरासमोर होते. पण या मंडळींनी माझ्यासारखा लेख लिहिला नाही. त्यांनी पडताळा घेतला. रुग्णांचे दोन गट केले. दोघांनाही तपासणी आणि औषधे मोफत. एका गटाला त्याशिवाय पहिले तीन महिने दरमहा ३० डॉलर, पोषक अन्न, दवाखान्यात येण्याचे भाडे, आणि गावातल्या आरोग्य कार्यकर्त्याची रोजची भेट.

ज्यांना हे सारे मिळाले ते सर्वच्या सर्व बरे झाले. ज्यांना फक्त मोफत औषध मिळाले, त्यांपैकी निम्म्याच्या आसपासच बरे झाले आणि काही दगावले. आणि जादूटोण्याचे काय? नंतर मुलाखती घेतल्या, तेव्हा दोन्ही गटांत तसे मानणारे बहुसंख्य निघाले. त्या समजुतीचा बरे होण्याशी काही संबंध आढळला नाही. करणी केली असे म्हणत म्हणतच माणसे नेमाने गोळ्या घेत होती आणि बरी होत होती. अडथळा डोक्यातल्या समजुतीचा नव्हता, पोटातल्या भुकेचा आणि वाटेतल्या डोंगराचा होता.

बंधू-भगिनींनो, हे वाचले तेव्हा मला माझा तो लेख आठवला. आपण सुशिक्षित माणसे गरिबांच्या दुःखाचे कारण त्यांच्या अज्ञानात शोधतो, कारण तेथे ते सापडले की आपल्याला काही करावे लागत नाही. प्रबोधनाचे एक भाषण दिले की काम संपते!

त्या गावातल्या कार्यकर्त्याला तेथे जे नाव आहे, त्याचा अर्थ 'सोबत करणारा' असा होतो. तपासनीस नाही, प्रचारक नाही, सोबती. फार्मर २०२२ मध्ये रवांडात काम करत असतानाच निवर्तले. आयुष्यभर त्यांनी हा एकच शब्द धरून ठेवला.

लीमाच्या टेकड्यांवर

येथे कोणी म्हणेल, साधा क्षय खेड्यातली बाई बरा करील, पण औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे काय? ज्याला डॉक्टर एमडीआर म्हणतात, त्यावर आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन ही दोन मुख्य औषधे चालत नाहीत. नव्वदच्या दशकात त्यावरचा उपचार दीड ते दोन वर्षांचा होता. त्यात कित्येक महिने रोज इंजेक्शन, बहिरेपणासारखे दुष्परिणाम आणि प्रचंड खर्च होता. गरीब देशांनी या रुग्णांच्या मागे लागू नये, तेवढ्या पैशात साधे रुग्ण बरे करावेत, असा हिशेब तेव्हा जागतिक आरोग्याच्या वर्तुळात सर्रास मांडला जात होता.

पेरूची राजधानी लीमा. तिच्या उत्तरेला काराबायो नावाची वस्ती आहे, उघड्या टेकड्यांवर चढत गेलेली. तेथे काम करणारे एक पाद्री, जॅक रूसँ, १९९५ मध्ये अशाच क्षयाने गेले. हैतीतल्या मंडळींचे ते स्नेही. त्यांच्या मृत्यूनंतर शोध घेतला तेव्हा त्या वस्तीत असे अनेक रुग्ण असल्याचे कळले. पेरूचा सरकारी कार्यक्रम तेव्हा जगात आदर्श गणला जाई. पण नियमानुसार, औषध लागू न पडलेल्यांना पुन्हा बहुतांशी तीच औषधे दिली जात आणि जंतू अधिकच निर्ढावत.

जिम योंग किम, हाइमे बायोना आणि स्थानिक परिचारिका यांनी १९९६ पासून या रुग्णांवर घरच्या घरी उपचार सुरू केले. वस्तीतल्या कार्यकर्त्या रोज टेकडी चढून जात, औषध देत, उलट्या झाल्या तर डॉक्टरांना कळवत, धीर सुटलेल्याजवळ बसत. २००३ मध्ये याचे निष्कर्ष 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या ७५ रुग्णांपैकी ६६ जणांनी चार महिने किंवा अधिक उपचार घेतले, आणि त्यांतले ५५ जण, म्हणजे ८३ टक्के, बरे झाल्याचे दिसले. हे यश मोठमोठ्या रुग्णालयांच्या तोडीचे होते. २००० मध्ये ही औषधे एकत्रितपणे खरेदी करण्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली आणि त्यांच्या किमती कोसळल्या. 'परवडत नाही' हा शब्द किती सहज उच्चारला जातो आणि तो किती तपासून घ्यावा लागतो, याचे हे उदाहरण आहे. आता तर अशा क्षयासाठी सहा महिन्यांची, इंजेक्शनरहित उपचारपद्धती आलेली आहे. तिला आपल्या देशातही २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

शिधा हीच लस

आता आपल्या घरी परत येऊ. मद्रासच्या प्रयोगातून काहींनी असा निष्कर्ष काढला होता की, क्षयात आहाराला फारसे महत्त्व नाही. औषध उपाशी शरीरातही जंतू मारते, हे खरे. पण जंतू मारणे म्हणजे माणूस उभा करणे नव्हे.

झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा छडा लावला. २,८०० रुग्णांना औषधांबरोबर दरमहा सुमारे दहा किलोंचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल. रुग्णांच्या कुटुंबीयांचे मात्र दोन गट केले. एका गटातील कुटुंबीयांनाही माणशी दरमहा पाच किलो तांदूळ आणि दीड किलो तुरडाळ मिळाली, दुसऱ्या गटातील कुटुंबीयांना मिळाली नाही. दहा हजारांहून अधिक कुटुंबीयांवर लक्ष ठेवले गेले. ज्या घरांना शिधा मिळाला त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. फुप्फुसाच्या संसर्गजन्य क्षयाचे प्रमाण तर ४८ टक्क्यांनी घटले. २०२३ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या बाबतीतही, पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी आढळले.

एखाद्या लशीने असा परिणाम साधला असता, तर वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर मथळे दिले असते. ही लस आपल्या वाण्याच्या दुकानात आहे!

सोबत म्हणजे पहारा नव्हे

या साऱ्यातून एक इशाराही घ्यायला हवा. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयरोगाला जागतिक आणीबाणी म्हटले आणि त्यानंतर 'डॉट्स' ही पद्धत जगभर नेली. समोर बसवून औषध देणे हा तिचा एक भाग. आपल्या देशात ती १९९७ पासून पसरत गेली आणि २००६ मध्ये सर्व जिल्ह्यांत पोहोचली. तिने असंख्य जीव वाचवले. पण कित्येक ठिकाणी 'समोर बसवून' एवढेच उरले. कामावर जाणाऱ्या माणसाने केंद्र उघडण्याची वाट पाहत ताटकळायचे आणि एखाद्या गुन्हेगारासारखी हजेरी लावायची. निव्वळ देखरेखीने औषध पूर्ण करण्याचे प्रमाण फारसे वाढत नाही, असे पुढच्या तुलनात्मक अभ्यासांत दिसले. म्हणजे गुण नजरेचा नव्हता, नात्याचा होता. गोळी घेतलीस का, हाच प्रश्न शिपाईही विचारतो आणि आईही. उत्तर कोणाला खरे मिळते, हे सांगायला नको.

दुसरा इशारा असा की, समाज हा शासनाला पर्याय नव्हे. औषधाचा पुरवठा, प्रयोगशाळा, तज्ज्ञ डॉक्टर हे शासनाचेच काम. २०२४ मध्ये आपल्याकडे काही ठिकाणी क्षयाच्या औषधांचा तुटवडा झाला. तेव्हा सोबती कितीही तळमळीचा असला, तरी त्याच्या ओंजळीत गोळी नव्हती. २०२५च्या आरंभी अमेरिकेने परदेशांना दिली जाणारी मदत एकाएकी रोखली, आणि त्या मदतीवर अवलंबून असलेल्या गरीब देशांतील क्षयरोगाच्या कामांना जबर धक्का बसला. ज्या कामाची मुळे आपल्या मातीत आणि आपल्या तिजोरीत नाहीत, ते दुसऱ्याच्या एका सहीने कोलमडू शकते.

आपण काय करू शकतो?

२०२५ पर्यंत क्षयमुक्त होण्याचा संकल्प आपल्या देशाने केला होता. रुग्णांचे प्रमाण २०१५ च्या तुलनेत बरेच घटले, पण तो संकल्प पुरा झाला नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. शासन दरमहा पोषणासाठी रुग्णाच्या बँक खात्यात जी रक्कम देते, ती नोव्हेंबर २०२४ पासून पाचशेवरून एक हजार रुपये झाली आहे. २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कोणतीही व्यक्ती वा संस्था रुग्णाला शिधा देऊ शकते. व्यवस्था आहे, कमी आहे ती माणसांची.

येथे जमलेल्या कार्यकर्त्यांना आणि कुटुंबांना माझे चारच मागणे आहे. पहिले, आपल्या वस्तीत, आपल्या घरी कामाला येणाऱ्या माणसांत कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्याची थुंकी तपासून घ्यायला त्याच्याबरोबर स्वतः जा. तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, पण एकट्याने जायला माणूस बिचकतो. दुसरे, एका रुग्णाचे सहा महिने आपले म्हणा. केवळ शिध्याची पिशवी देऊन छायाचित्र काढू नका. आठवड्यातून दोनदा जा, गोळ्यांची चौकशी करा, मळमळ होत असेल तर आरोग्यसेविकेला कळवा, घरातल्या इतरांची तपासणी झाली का ते पाहा. तिसरे, त्याचा खाडा भरून निघेल असे बघा. तुमच्या कारखान्यात, दुकानात, सोसायटीत कोणी रुग्ण असेल, तर त्याची नोकरी जाणार नाही याची हमी द्या.

आणि चौथे, हे विशेषतः माझ्या माता-भगिनींना सांगतो, हा रोग लपवू नका आणि लपवायला लावू नका. क्षय हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही. योग्य औषध सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप कमी होतो. तरीही आपल्या सुशिक्षित घरांत सुनेला क्षय निघाला की तिची रवानगी माहेरी होते आणि मुलीला निघाला की लग्न होईपर्यंत त्याचा उच्चार होत नाही. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एका काकूंचा कप खुंटीला वेगळा टांगलेला असे. त्या बऱ्या होऊन कित्येक वर्षे झाली, तरी तो कप खुंटीवरून उतरला नाही. काकूंचा रोग गेला होता. आमचा गेला नव्हता.

मामी आज नाहीत. त्यांचा मुलगा आता एका रिक्षाचा मालक आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने मला फोन केला. त्याच्या रिक्षा थांब्यावरच्या एका तरुणाला क्षय झाला होता आणि थांब्यावरच्या सर्वांनी वाटून घेऊन त्याला सांभाळले होते. कोणी त्याला दवाखान्यात सोडी, कोणी दुपारचा डबा आणी. तो बरा झाला, हे सांगायला त्याने फोन केला होता. शेवटी तो म्हणाला, "साहेब, आम्ही रोज विचारत होतो त्याला."

मी काही बोललो नाही. तीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलापुढे उभ्या राहून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मामींच्या मुलाने दिले होते. मला ते देता आले नव्हते. आपल्याला येईल, एवढी आशा व्यक्त करतो आणि थांबतो.